फॅटी लिव्हर ग्रेड २, एलडीएल मात्र १२०. मग रक्तवाहिन्यांची काळजी करायची का?

उंबरठा

सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड २’ आलं आहे. बाकी आकडे असे: पुरुष, वय ४८, उंची १७० सेंमी, वजन ८२ किलो, कंबर १०१ सेंमी, बीपी १३८/८८. यकृताचे एन्झाइम: एसजीपीटी ६४, एसजीओटी ४२. प्लेटलेट २.१ लाख. एकूण कोलेस्टेरॉल २०६, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २४८, एलडीएल १२०. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, थायरॉइड नॉर्मल. दारू नाही, सिगारेट नाही. छातीत दुखणं, धाप लागणं असलं काही नाही.

प्रश्न चार आहेत.

१. यकृतात चरबी साठण्याचा आणि धमन्या कडक होण्याचा संबंध खरा आहे, की वजन आणि साखर ही दोन्हींची कारणं एकच असल्यामुळे तसं वाटतं?
२. एलडीएल १२० म्हणजे फार वाईट नाही असं लॅबचा कागद सांगतो. मग धोका येतो कुठून?
३. धमन्यांसाठी कोणती तपासणी करण्यात अर्थ आहे आणि कोणती उगाच?
४. एसजीपीटी वाढलेलं असताना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेतलं तर लिव्हर आणखी बिघडणार नाही का?

‘वजन कमी करा’ हे माहीत आहे. किती, कसं आणि त्याने नेमकं काय बदलतं, हे कुणी सांगितलं तर बरं.

सूक्ष्मदर्शी

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

तुमच्या कागदावरचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, बहुधा मोजलेलं नाही, गणिताने काढलेलं आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा: २०६ – ३६ – ४९.६ = १२०.४. ट्रायग्लिसराइड कमी असेल तेव्हा हे सूत्र ठीक चालतं. ते चढायला लागलं की एलडीएल आहे त्यापेक्षा कमी दिसतं, आणि ४०० च्या पुढे हे सूत्र वापरायचंच नसतं. फॅटी लिव्हरमध्ये ट्रायग्लिसराइड बऱ्याचदा चढलेलं असतं. म्हणजे ज्यांना खऱ्या आकड्याची सर्वात जास्त गरज, त्यांनाच हे सूत्र खोटा दिलासा देतं.

आता त्याच कागदावरून दुसरा आकडा काढा. एकूण वजा एचडीएल: २०६ – ३६ = १७०. हे नॉन-एचडीएल. धमनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल यात येतं, जास्तीचा पैसा लागत नाही आणि उपाशी राहावं लागत नाही. नॉन-एचडीएलचं लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त धरतात. एलडीएल १०० च्या खाली हवं असेल तर नॉन-एचडीएल १३० च्या खाली हवं. तुमचं १७० आहे. लॅबचा कागद या रकान्याखाली रेघ मारत नाही म्हणून तो कुणी वाचत नाही, एवढंच.

जमल्यास अपोबी ही रक्ततपासणी करून घ्या. एलडीएल, व्हीएलडीएल (यकृत ट्रायग्लिसराइड भरून रक्तात पाठवतं ते कण) किंवा त्यांचे अवशेष, अशा प्रत्येक कणावर अपोबीचा बरोबर एक रेणू असतो. त्यामुळे अपोबी मोजणं म्हणजे कणांची डोकी मोजणं. कण लहान असतील तर प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी मावतं. मग एकूण एलडीएल-कोलेस्टेरॉल बेताचं दिसतं, पण कणांची गर्दी मोठी असते. फॅटी लिव्हरमध्ये नेमकं हेच होतं.

का होतं ते सांगतो. यकृतात चरबी तीन वाटांनी येते: शरीरातल्या चरबीच्या पेशींतून सुटणारी मेदाम्लं, यकृताने साखरेपासून स्वतः बनवलेली चरबी, आणि जेवणातली चरबी. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लेबल लावलेले रेणू देऊन फॅटी लिव्हरच्या रुग्णांत हे वाटे मोजले होते. साधारण ५९ टक्के, २६ टक्के आणि १५ टक्के. म्हणजे ताटातलं तेल-तूप थेट यकृतात जाऊन बसतं ही समजूत बरीचशी चुकीची. निरोगी माणसाच्या यकृतात तो मधला, घरी बनवलेल्या चरबीचा वाटा उपाशीपोटी ५ टक्क्यांच्या आत असतो.

तो वाढतो इन्सुलिनमुळे. इन्सुलिनला दाद न देणारं यकृत सगळ्याच बाबतीत बहिरं होत नाही, ही यातली मेख आहे. ‘साखर सोडणं थांबव’ हा निरोप त्याला ऐकू येत नाही, पण ‘चरबी बनव’ हा व्यवस्थित ऐकू येतो. म्हणून साखरही वाढते आणि चरबीही.

साठलेल्या चरबीपैकी काही भाग यकृत व्हीएलडीएलच्या मोठ्या, ट्रायग्लिसराइडने ठासून भरलेल्या कणांतून रक्तात पाठवतं. शिवाय अपोसी-३ नावाचं प्रथिन जास्त सोडतं, त्यामुळे हे कण रक्तातून लवकर निघत नाहीत. रेंगाळताना ते आपलं ट्रायग्लिसराइड एलडीएल आणि एचडीएलला देतात आणि बदल्यात त्यांचं कोलेस्टेरॉल घेतात. मग यकृतातलं लायपेज त्या एलडीएलमधलं ट्रायग्लिसराइड कापून काढतं आणि उरतो एक छोटा, घट्ट कण. एचडीएलचंही तसंच होतं. लहान झालेलं एचडीएल शरीरातून लवकर बाहेर पडतं. तुमचं ३६ तिथून आलं आहे.

छोट्या एलडीएलला यकृतातले रिसेप्टर (कण पकडणारी प्रथिनं) नीट पकडत नाहीत, त्यामुळे ते रक्तात जास्त दिवस फिरतं. धमनीच्या आतल्या अस्तराखाली सहज शिरतं, तिथल्या प्रोटिओग्लायकन या चिकट रेणूंना चिकटतं, ऑक्सिडाइज होतं. मॅक्रोफाज नावाच्या भक्षक पेशी ते गिळून फुगतात, त्यांच्याभोवती स्नायुपेशी आणि तंतूंचं झाकण तयार होतं, पुढे त्यात कॅल्शियम साचतं. झालं प्लाक. जोडीला सुजलेलं यकृत सीआरपी, फायब्रिनोजेन आणि पीएआय-१ ही प्रथिनं जास्त बनवतं. पहिलं सूज वाढल्याची खूण. उरलेली दोन गुठळी बनायला आणि टिकायला मदत करतात. प्लाक फुटतं तेव्हा जीव घेते ती गुठळीच.

तिरपागडं

पहिल्या प्रश्नावर वेगळं मत मांडतो. वरची साखळी कागदावर छान दिसते, पण जनुकं तिला साथ देत नाहीत. पीएनपीएलए३ या जनुकाचा एक प्रकार असा आहे की त्याने यकृतात चरबी जन्मभर जास्त राहते, सिरॉसिसपर्यंत मजल जाते. चरबीच धमन्या बिघडवत असती तर या लोकांना हृदयविकार ठळकपणे जास्त व्हायला हवा होता. तसं दिसत नाही, उलट किंचित कमीच. म्हणजे फॅटी लिव्हर हा साक्षीदार आहे, आरोपी नाही. सगळा खेळ पोटाचा घेर, साखर आणि बीपीचा.

सूक्ष्मदर्शी

@तिरपागडं, पुरावा बरोबर आहे, पण त्यातून निघणारा अर्थ मला वेगळा वाटतो. टीएम६एसएफ२ जनुकाचा प्रकार शेजारी ठेवून पाहा. त्यात यकृताला व्हीएलडीएल बाहेर पाठवणं नीट जमत नाही. परिणाम: यकृतात चरबी वाढते, फायब्रोसिसचा (यकृतात व्रणासारखे तंतू साठण्याचा) धोका वाढतो, आणि रक्तातलं ट्रायग्लिसराइड आणि एलडीएल कमी होऊन हृदयविकाराचा धोका घटतो. माल गोदामात अडकला, रस्त्यावर आलाच नाही.

म्हणजे प्रश्न यकृतात किती चरबी आहे हा नाही. यकृत रक्तात काय सोडतं हा आहे. इन्सुलिन रेझिस्टन्समधून (शरीर इन्सुलिनला दाद देत नाही त्यातून) आलेल्या फॅटी लिव्हरमध्ये निर्यात वाढलेली असते, आणि बहुसंख्य लोकांचं फॅटी लिव्हर याच जातीचं. उंबरठा यांचं ट्रायग्लिसराइड २४८ आहे, त्यामुळे त्यांचं कुठल्या जातीचं हे विचारायला जनुकं तपासावी लागणार नाहीत.

‘दोन्हींची कारणं एकच’ हेही खोटं नाही. म्हणून तर २०२३ मध्ये या आजाराचं नाव बदललं. जुनं नाव ‘दारूमुळे नसलेलं’ एवढंच सांगत होतं. नव्या नावात, म्हणजे एमएएसएलडीत, चयापचयाचा बिघाड हा निदानाचाच भाग आहे. यकृतात चरबी आणि सोबत वजन किंवा कंबर, साखर, बीपी, ट्रायग्लिसराइड, एचडीएल या पाचांपैकी निदान एक बिघडलेलं, की निदान पक्कं. इथे पाचही आहेत.

आकड्यांत सांगायचं तर २०२१ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात ३६ अभ्यास आणि सुमारे ५८ लाख लोक होते. फॅटी लिव्हर असलेल्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटनांचा धोका साधारण १.४५ पट निघाला. फायब्रोसिस बराच पुढे गेलेला असेल तर २.५ पट. वय, वजन, मधुमेह वगैरे हिशोबात धरूनही संबंध पूर्ण पुसला जात नाही. आणि फॅटी लिव्हरच्या रुग्णांत मृत्यूचं पहिलं कारण यकृत नाही, हृदय आहे.

डावा कप्पा

तिसरा आणि चौथा प्रश्न.

आधी जोखीम कागदावर मांडायची. वय, बीपी, कोलेस्टेरॉल, मधुमेह, सिगारेट घेऊन १० वर्षांचा धोका सांगणारे कॅल्क्युलेटर आहेत. त्यांत यकृताला रकाना नसतो. म्हणून उत्तर मधल्या पट्ट्यात आलं तर ‘धोका वाढवणारे घटक’ बघतात: मेटाबॉलिक सिंड्रोम (कंबर, बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल यांपैकी निदान तीन बिघडलेले), ट्रायग्लिसराइड सतत १७५ च्या वर, अपोबी १३० किंवा जास्त, लायपोप्रोटीन-ए ५० मिग्रॅ/डेसिलिटर किंवा जास्त, जवळच्या नात्यात कमी वयात हृदयविकार. तुमच्याकडे पहिला नक्की आहे. ट्रायग्लिसराइड पुन्हा तपासून तसंच आलं तर दुसराही. लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा करायची, ती आहाराने हलत नाही.

बीपी १३८/८८ हा एकाच वेळचा आकडा असेल तर त्यावर काही ठरवू नका. घरी मोजा: ५ मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात हृदयाच्या पातळीवर. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, असं ७ दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. ती १३५/८५ किंवा वर असेल तर तो उच्च रक्तदाबच. धमन्यांच्या दृष्टीने फॅटी लिव्हरवाल्यांचं सर्वात जास्त दुर्लक्षित दुखणं हेच आहे, असं माझं मत. सगळे एसजीपीटीकडे बघत बसतात.

आता तपासण्या. लक्षणं नसताना, आणि धोका मधल्या पट्ट्यात असताना, निर्णय बदलवू शकणारी एकच आहे: कोरोनरी कॅल्शियम स्कोअर. साधा सीटी, शिरेत डाय नाही, काही सेकंद श्वास रोखायचा, किरणोत्सर्ग साधारण १ मिलिसीव्हर्ट. ० आला तर नजीकच्या काळातला धोका बराच कमी. बाकी गोष्टी अनुकूल असतील तर स्टॅटिन पुढे ढकलून काही वर्षांनी स्कोअर पुन्हा काढता येतो. १ ते ९९ म्हणजे प्लाक आहे, स्टॅटिनकडे कल. १०० किंवा वर असेल तर घासाघीस नको. पण ० म्हणजे धमन्या कोऱ्या असंही नाही. कॅल्शियम प्लाकमध्ये उशिरा येतं. मऊ प्लाक या स्कॅनमध्ये दिसत नाही. मधुमेह, सिगारेट किंवा घरात कमी वयातला हृदयविकार असेल तर शून्यावर विसंबून औषध टाळू नये.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. त्याच स्कॅनमध्ये यकृताचा वरचा भाग फुकट दिसतो. निरोगी यकृताची घनता साधारण ५० ते ६५ हाउन्सफिल्ड एकक असते आणि प्लीहेपेक्षा थोडी जास्त. ती ४० च्या खाली आली तर चरबी मध्यम किंवा त्याहून जास्त. रिपोर्टमध्ये बऱ्याचदा हे लिहिलेलं नसतं, कारण मागणी हृदयाची असते. रेडिओलॉजिस्टला आधीच ‘यकृताची घनताही लिहा’ असं सांगा.

उगाच कोणत्या? मानेच्या धमनीच्या अस्तराची जाडी दरवर्षी मोजत बसणं. प्रोब धरणाऱ्याच्या हाताप्रमाणे आकडा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने हलतो, आणि वर्षभरात होणारा खरा बदल त्याहून कमी असतो. मानेच्या डॉपलरमध्ये प्लाक आहे की नाही हे बघण्याला अर्थ आहे, जाडी १.५ मिमी किंवा वर, किंवा आसपासच्या भिंतीपेक्षा दीडपट फुगवटा, म्हणजे प्लाक. लक्षणं नसताना ट्रेडमिल टेस्टही फार काही सांगत नाही, ती रक्तपुरवठ्यात बराच अडथळा झाल्यावर बोलते. ‘एकदाची अँजिओग्राफी करून टाकू’ हा विचार तर डोक्यातून काढाच.

स्टॅटिन. एसजीपीटी ६४ हे स्टॅटिन न देण्याचं कारण नाही. वरच्या मर्यादेच्या तिपटीपर्यंत ते निःशंक सुरू करतात. त्याहून जास्त असेल तर आधी कारण शोधतात. सिरॉसिस होऊन पोटात पाणी, कावीळ अशी अवस्था आली असेल तर मात्र टाळतात. ग्रीसमधल्या एका चाचणीचं २०१० मध्ये आलेलं विश्लेषण इथे उपयोगी आहे: हृदयविकार असलेले आणि यकृताचे एन्झाइम थोडे वाढलेले असे रुग्ण, बहुधा फॅटी लिव्हरमुळेच. स्टॅटिन घेणाऱ्यांत सुमारे १० टक्क्यांना पुढे हृदयाची घटना घडली, न घेणाऱ्यांत सुमारे ३० टक्क्यांना. आणि स्टॅटिन घेणाऱ्यांचे एन्झाइम उतरले. फॅटी लिव्हर पाहून स्टॅटिन बंद करणं ही आजही सर्रास दिसणारी चूक आहे.

मध्यम मात्रा, म्हणजे रोसुवास्टॅटिन ५ ते १० मिग्रॅ किंवा ॲटोर्वास्टॅटिन १० ते २० मिग्रॅ, एलडीएल ३० ते ४९ टक्के खाली आणते. मात्रा दुप्पट केली तर जेमतेम ६ टक्क्यांची भर पडते, म्हणून कमी पडल्यास मात्रा वाढवत नेण्यापेक्षा एझेटिमिब (आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारी गोळी) १० मिग्रॅ जोडणं अनेकदा शहाणपणाचं. सुरू करण्यापूर्वी एसजीपीटी, मग ८ ते १२ आठवड्यांनी एसजीपीटी आणि लिपिड. साखर थोडी वाढू शकते, आणि एचबीए१सी ६.१ असताना हे लपवण्यात अर्थ नाही. पण धोका जास्त असेल तर फायद्याचं पारडं तरीही बरंच जड राहतं. गोळी आणि मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील, हा तपशील त्यांच्याशी बोलता यावं म्हणून दिला.

‘नैसर्गिक’ म्हणून मिळणारा रेड यीस्ट राइस मध्येच घुसवू नका. त्यातला मोनाकोलिन-के म्हणजे लोवास्टॅटिनच. वर गोळी घेतली की दोन स्टॅटिन झाली, आणि त्यातल्या एकाची मात्रा कुणालाच ठाऊक नाही.

मोजपट्टी

सगळं छान, पण ग्रेड २ वर कुणी बोललंच नाही. सोनोग्राफीची ग्रेड म्हणजे चरबी किती, याचा डोळ्यांनी केलेला अंदाज. फायब्रोसिसची स्टेज, ० ते ४, ही वेगळी गोष्ट. ग्रेड १ मध्ये स्टेज ३ असू शकते, ग्रेड ३ मध्ये स्टेज ०. सिरॉसिस पुढे गेल्यावर तर चरबी निघूनच जाते आणि यकृत दुबळं झाल्यामुळे कोलेस्टेरॉलही उतरतं. तेव्हा ‘ग्रेड कमी झाली, कोलेस्टेरॉलही उतरलं’ म्हणून पेढे वाटायची वेळ नसते. वर २.५ पट धोका आला तो स्टेजमुळे, ग्रेडमुळे नाही. म्हणून हृदयासाठीसुद्धा स्टेज कळायला हवी.

पहिली पायरी फिब-४, म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणारं सूत्र. वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). तुमचं: ४८ × ४२ = २०१६. ६४ चं वर्गमूळ ८, २१० × ८ = १६८०. भागाकार १.२. १.३ च्या खाली, म्हणजे पुढे गेलेला फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असता तर थेट यकृततज्ज्ञ.

यात चुकतं ते प्लेटलेटच्या एककात. सूत्राला हजारांत आकडा हवा: २.१ लाख म्हणजे २१०. कुणी २.१ घालतं आणि उत्तर १२० येतं, कुणी २१०००० घालतं आणि उत्तर ०.००१ येतं. दुसरं, ६५ च्या पुढे १.३ ऐवजी २.० ही खालची रेघ धरायची, नाहीतर नुसत्या वयानेच माणूस धोक्यात दिसतो. ३५ च्या आत सूत्र भरवशाचं नाही. आणि ताप, नुकताच जबर व्यायाम, स्नायूंना मार असं काही असेल तेव्हाचं एसजीओटी वापरू नका, ते स्नायूंतूनही येतं.

तुमचं १.२ हे १.३ ला अगदी लागून आहे आणि एचबीए१सी ६.१. मी असतो तर फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) एकदा करून घेतला असता. ८ किलोपास्कलच्या खाली तर निश्चिंत, ८ ते १२ मध्ये पुढची तपासणी, १२ च्या वर गंभीर. त्याच मशीनवर चरबीचा आकडाही येतो, डेसिबल प्रति मीटरमध्ये. २७५ च्या वर असेल तर चरबी नक्की.

आता वजन. ८२ किलोचे ५ टक्के म्हणजे ४.१ किलो: एवढ्यावर चरबी उतरू लागते. ७ ते १० टक्के, म्हणजे पावणेसहा ते सव्वाआठ किलो: यकृताची सूज कमी होते. फायब्रोसिस मागे फिरायचा असेल तर १० टक्के किंवा जास्त. वेग आठवड्याला अर्धा ते एक किलो. दीड किलोच्या पुढे गेलात तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, आणि उपासमारीने उतरवलेलं वजन यकृताची सूज वाढवूही शकतं.

व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने, आणि दोन दिवस वजनं किंवा रबरी पट्ट्या. वजन न हलताही यकृतातली चरबी यामुळे थोडी कमी होते, म्हणून काटा हलत नाही या कारणावरून सोडू नका. कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पट्टी कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही.

घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेची तपासणी. रात्री ऑक्सिजन वरखाली होत राहिला की यकृत आणि बीपी दोन्ही बिघडतात.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. नॉन-एचडीएल कधी बघितलंच नव्हतं. दोन शंका उरल्या. लिव्हरसाठी कर्बोदकं जवळजवळ बंद करून स्निग्ध पदार्थ वाढवायचा आहार सुचवला जातो, तो धमन्यांना चालतो का? आणि लिव्हरसाठी म्हणून औषधं आहेत ती कुणाला?

मोजपट्टी

यकृत आणि धमन्या यांचं हित बहुतेक ठिकाणी एक असतं. तुम्ही नेमकं जिथे फाटा फुटतो तिथे बोट ठेवलंत.

कर्बोदकं खूप कमी केली की यकृतातली चरबी आणि ट्रायग्लिसराइड झपाट्याने उतरतात, हे खरं. पण त्यांची जागा लोणी, साय, चरबीयुक्त मांस यांनी घेतली तर काही लोकांचं एलडीएल उसळी मारतं. शिवाय संपृक्त चरबी यकृतालाही मानवत नाही. २०१८ च्या एका प्रयोगात लोकांना ३ आठवडे रोज १००० कॅलरी जादा दिल्या. जादा अन्न संपृक्त चरबीचं होतं त्यांची यकृतातली चरबी ५५ टक्के वाढली, साध्या साखरेचं होतं त्यांची ३३ टक्के, असंपृक्त चरबीचं होतं त्यांची १५ टक्के. तेव्हा साखर, सरबतं, फळांचे रस आणि मैदा कापा, ती जागा डाळी, भाज्या, सुकामेवा, मासे, द्रवरूप तेल यांना द्या. एखादा कडक आहार सुरू केलाच, तर ६ ते ८ आठवड्यांनी नॉन-एचडीएल तपासा. चढलं असेल तर तो आहार तुमच्यासाठी नाही, मग लिव्हर कितीही खूष असो.

रस आणि सरबतांवर एवढा रोख का, तर फ्रुक्टोज. ग्लुकोज किती पुढे जाऊ द्यायचं यावर यकृतात एक नियंत्रण असतं, फ्रुक्टोज त्याला वळसा घालून थेट चरबीच्या कारखान्यात उतरतं. अख्खं फळ चालतं: तंतुमय भागामुळे ते हळूहळू येतं आणि एका बैठकीत फार खाल्लंही जात नाही.

बिनसाखरेची कॉफी पीत असाल तर लिव्हरच्या नावाखाली सोडायचं कारण नाही.

डावा कप्पा

औषधांबद्दल. रेस्मेटिरोमला अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२४ मध्ये आणि सेमाग्लुटाइडला ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता दिली, दोन्ही सूज असलेल्या आणि फायब्रोसिस स्टेज २-३ पर्यंत पोचलेल्या यकृतासाठी. तुमचं फिब-४ पाहता तो प्रश्न आज बहुधा येत नाही. रेस्मेटिरोम एलडीएलही उतरवतं, पण त्याने हृदयविकार टळतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. सेमाग्लुटाइडचं तसं नाही: २०२३ च्या चाचणीत आधीच हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार आणि जास्त वजन असलेल्या, मधुमेह नसलेल्या लोकांत मोठ्या घटना २० टक्क्यांनी घटल्या. दोन्ही आघाड्यांवर पुरावा असलेलं औषध म्हणून मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ई जीवनसत्त्व ८०० एकक हा जुना पर्याय यकृतापुरता आहे, धमन्यांना त्याचा उपयोग नाही. मनाने सुरू करू नका. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध यकृताची सूज कमी करतं, पण अंगात पाणी धरतं, हृदय दुबळं असेल तर नाही.

‘लिव्हर टॉनिक’ म्हणून मिळणारी मिश्रणं आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या दूर ठेवा. जास्त मात्रेतल्या त्या अर्काने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. आणि मग एसजीपीटी वाढलं की दोष स्टॅटिनवर येतो.

लक्षणं नसताना ‘रक्त पातळ राहावं’ म्हणून ॲस्पिरिनही नको. रक्तस्रावाचा धोका फायद्याला खाऊन टाकतो.

सूक्ष्मदर्शी

पुन्हा रक्त तपासायला निदान ३ महिने जाऊ द्या, आणि तेव्हाही त्याच लॅबमध्ये. एसजीपीटी दर खेपेला थोडं हलतंच. १७ किंवा जास्त एककांनी उतरलं तर यकृतातली सूज खरोखर कमी होत असल्याची ती बरी खूण आहे. तुमच्या बाबतीत ४७ किंवा खाली. मात्र एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे आजार गेला असं नाही, फायब्रोसिस असूनही ते नॉर्मल राहू शकतं. लिपिडमध्ये आधी ट्रायग्लिसराइड उतरेल, एचडीएल सर्वात शेवटी आणि थोडंच चढेल, त्याच्या मागे लागू नका. साखर सीमेवर असल्यामुळे फिब-४ पुन्हा १ ते २ वर्षांनी काढा. फायब्रोस्कॅनला जाल तर आधी ३ तास काही खाऊ नका, जेवणानंतर यकृतातला रक्तप्रवाह वाढून आकडा खोटा चढतो. रिपोर्टमध्ये १० मापं आणि मध्यकाच्या ३० टक्क्यांच्या आतला फरक हे दोन्ही बघून घ्या. कातडीपासून यकृतापर्यंतचं अंतर जास्त असेल तर मोठा प्रोब वापरला का, हे तंत्रज्ञाला तिथेच विचारा.